रामोजीअण्णांचे सात बोर्ड

"ती पोरगी मुकी आहे काय हो?"

स्वयंपाकघरातून अक्कांचा, रामोजीअण्णांच्या बायकोचा, आवाज आला. मी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसले होते आणि मधल्या दाराला नुसता पडदा होता.

"मुकी कशानं असेल? टेस्टिंगची माणसं तशीच असतात," रामोजीअण्णा म्हणाले. "आमच्या कारखान्यात एक होता. वीस वर्षं माझ्या शेजारी बसला. त्याला मुलगी आहे हे मला तिच्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं."

"मग हिला कॉफी हवी की नको, ते मला कसं कळायचं?"

"दे की. नको असली तर ठेवेल."

मला कॉफी नको होती. मी ती प्यायले.

चामराजपेटेतल्या त्या घरी मी दर शनिवारी सकाळी जायला लागले, ती नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी पुण्याहून येऊन कोरमंगलात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. कंपनीने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने देवनहळ्ळीजवळच्या एका शाळेला द्यायचे ठरवले. शाळेने मात्र कळवले, तुमचे कॉम्प्युटर चांगले आहेत, पण आमचे धडे त्यांच्यावर चालत नाहीत.

शाळेकडे ऐंशीच्या दशकातले छोटे होम कॉम्प्युटर होते. कीबोर्डच्या आतच सगळे यंत्र, वायर टीव्हीला जोडायची, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढवायचा. तिथल्या एका गणिताच्या मास्तरांनी त्या यंत्रासाठी कन्नडमध्ये चाळीसेक धडे लिहून ठेवले होते. मास्तर आता नव्हते आणि यंत्रेही एकेक करून डोळे मिटत होती.

धडे वाचवायचे दोन रस्ते होते. एक, त्या जुन्या यंत्रासारखेच नवे यंत्र एका बोर्डावर सुटे भाग जोडून बांधायचे. दुसरा, एम्युलेटर लिहायचा, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरला जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायला लावणारा प्रोग्रॅम. पहिला रस्ता रामोजीअण्णांचा होता. ते मास्तरांचे जुने मित्र. दुसरा रस्ता माझ्या गळ्यात पडला होता.

आता नक्कल करायची तर आधी अस्सल बघायला हवे. ते नीट चालणारे यंत्र आमच्या माहितीत एकाच माणसाकडे होते, रामोजीअण्णांकडेच.

"तू जा, त्याच्या मशीनचं सगळं टायमिंग मोजून आण," आमचा टीम लीडर शैलेश म्हणाला. "एकदा आपला एम्युलेटर रेडी झाला की म्हाताऱ्याचे बोर्ड कोणाला हवेत?"

मला वाटले होते, अण्णा मला दारातून परत पाठवतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले, यंत्राचे चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मोज. काय काय मोजायचं ते मोज. आपटू नको म्हणजे झालं."

अण्णा टेलिफोनच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते. उंची बेताची, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, चिमटा आणि एक दात घासायचा ब्रश. तो ब्रश बोर्डावर झाळकामानंतर उरलेली राळ झाडायला. त्यांचे घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या सैन्याबरोबर इकडे आलेले. "ते घोड्यावरून आले, मी सायकलवरून कारखान्यात गेलो, एवढाच फरक," असे ते सांगत. आकडे कन्नडात मोजत, मॅन्युअल इंग्रजीत वाचत आणि रागवायचे असले की मराठीत येत. माझे नाव अनघा. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचे अनघम्मा करून टाकले.

अक्कांचा एक जुना मिसळणाचा डबा त्यांनी लाटला होता. मोहरीच्या वाटीत एका किमतीचे रेझिस्टर, जिऱ्याच्या वाटीत दुसऱ्या. नवा कोणी आला की ते डबा पुढे करून विचारत, "फोडणी घालायची काय?" आणि स्वतःच हसत. चिप चालू झाल्यावर तिच्यावर बोटांची मागची बाजू टेकवत, आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तशी. "स्वल्प ताप आहे. असू दे, चालेल." किंवा, "हिला उतरव आधी, जाईल ही." मी मीटर लावून बघायचे. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

एकदा ते मला एस. पी. रोडवर घेऊन गेले. भंगारातल्या बोर्डांचा ढीग होता आणि दुकानदार स्टुलावर पेपर वाचत होता. अण्णांनी ढिगातून एक बोर्ड उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"काय अण्णा, वास कसला घेता?" दुकानदार म्हणाला. "चुलीवरची हुळी आहे काय ती?"

"जळलेली चिप सहा महिने वास देते."

"आणि बरी असलेली?"

"ती तुझ्या दुकानाचा वास देते. तिला अंघोळ घालावी लागते."

दुकानदार पेपरच्या आडून हसला. त्या दिवशी आम्ही बारा चिपा घेऊन आलो आणि अण्णांनी त्या खरोखरच स्पिरिटमध्ये बुडवून, पुसून, थर्माकोलवर ओळीने टोचून ठेवल्या.

त्यांचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. कारखान्यात शिकलेला. बांधणाऱ्याने आपल्या कामाचे बटण दाबायचे नाही. ते दुसऱ्याच्या हाताने दाबायचे, आणि त्या वेळी बांधणाऱ्याने खोलीतही थांबायचे नाही.

"थांबलं तर काय होतं?" मी एकदा विचारले. महिनाभरात विचारलेला तो माझा दुसरा की तिसरा प्रश्न होता.

"परीक्षेच्या हॉलात आईला सोडतात काय? बांधणारा समोर असला की टेस्टिंगवाल्याची जीभ जड होते. दोष दिसला तरी तो म्हणतो, चालेल हो. मग तो चालेल-हो कुणाच्या तरी घरी जाऊन बंद पडतो."

म्हणून नवा बोर्ड तयार झाला की बटण माझ्यावर सोपवून अण्णा परसात जात आणि शेवग्याखाली हात मागे बांधून उभे राहत. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे दोष काय तो मी आतून ओरडून सांगायचा. पण मी ओरडणारी नव्हते. ज्या शाळेत मी शिकले तिथे चुकीचे इंग्रजी बोलले की वर्ग हसायचा आणि मराठी बोलले की बाकावर उभे करायचे. दोन्हीतून सुटायचा उपाय मी फार लवकर शोधून काढला होता. अण्णांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी एक वही आणली, तिच्यात रकाने आखले आणि म्हणाले, "सरी, बरं. तुझ्यापुरता नियम वाकवू. ओरडू नको, लिही. दोष असला तर दोष, नसला तर ओके."

हा नियम त्या घरात बोर्डांपुरता नव्हता. रविवारी अण्णा डोसे घालत आणि अक्का ताट घेऊन, जमिनीवर बसून, न्यायाधीशासारख्या चेहऱ्याने ते तपासत. "एक नंबर ओके. दोन नंबर कडेला करपलाय." अण्णा शांतपणे पीठ पातळ करत. उलट अक्कांच्या हुळीत, म्हणजे सांबारात, मीठ कमी असले तर अण्णा पाहुण्यांसमोर सांगत. एकदा त्यांच्या एका भाच्याने मामीला वाईट वाटू नये म्हणून "नाही, छान झालीय" म्हटले, तर अक्का त्याच्यावरच उखडल्या. "कमी आहे तर कमी म्हण की. उद्या परत कमीच घालू काय मी?" मला ते घर फार आवडायचे आणि जरा भीतीही वाटायची.

माझा एम्युलेटर पहिल्यांदा चालला तेव्हा मी अण्णांना ऑफिसात बोलावले. पडद्यावर जुन्या यंत्राचा निळा चौकोन आला, खाली तेच छोटे अक्षर लुकलुकू लागले. मग मास्तरांचा बेरजेचा धडा सुरू झाला, ते कन्नड अंक, तो बरोबर उत्तराला वाजणारा चिरका सूर. अण्णा खुर्चीतून उठले आणि मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आले.

"मागं काही नाही?"

"नाही."

"चिप नाही, क्रिस्टल नाही?"

"सगळं आकड्यांत आहे."

ते परत बसले. मास्तरांचा धडा शेवटपर्यंत सोडवला, एक उत्तर मुद्दाम चुकवून बघितले. मग म्हणाले, "सोंग चांगलं वठलंय. मास्तर फसला असता." शैलेश हसला. अण्णा हसले नाहीत. "पण अनघम्मा, सोंगाला ताप येत नाही. मूल झाकण उघडून बघणार आणि आत काय दिसणार त्याला? माझ्या बोर्डावर मी बोट ठेवून दाखवीन, ही बघ स्मरणशक्ती, हे बघ घड्याळ. मास्तरला तेच हवं होतं."

मला पटले होते, पण माझेही एक म्हणणे होते. सोंगाला ताप येत नाही, तसे ते मरतही नाही. त्याच्या पाहिजे तेवढ्या प्रती काढता येतात, आणि माझ्यामागे ते दुसरे कोणीही चालवू शकते. हे मी त्यांना सांगितले नाही.

शाळेला मात्र अण्णांचे पटले होते. तिथल्या मुख्याध्यापिका सरोजम्मांना मुलांच्या हाताला लागणारे यंत्र हवे होते. त्यांनी सांगितले, आधी सात बोर्ड करून बघा. सातही नीट निघाले तर आणखी बारांचे पत्र देऊ, एम्युलेटर नको.

पहिले दोन बोर्ड मी बटण दाबताच चालू झाले. तिसऱ्या वेळी टीव्हीवर नुसती मुंग्यांची वारुळे फुटली. अण्णा शेवग्याखाली होते. मी भिंग घेतले आणि एकेक सांधा बघत गेले. घड्याळाच्या क्रिस्टलचा डावा पाय सोल्डरच्या गोळीत नुसता उभा होता, गोळीने त्याला धरलेच नव्हते. कारखान्याच्या भाषेत ड्राय. शिकाऊ माणसाची चूक. सोल्डरचे आयर्न तापलेलेच होते. मी टोक टेकवले, तीन मोजले, उचलले. टीव्हीवर निळा चौकोन आला.

वही समोर होती. खिडकीतून अण्णांची पाठ दिसत होती. मी लिहिले, ओके.

त्या क्षणी ते मला खोटे वाटले नाही. एक सांधा, त्याचे काय एवढे? शिवाय मी एम्युलेटरवाली. त्यांच्या कामात दोष मीच काढायचा आणि शाळा माझ्याकडे यायची, हे कसे दिसले असते? असे मी मला समजावले. खरे कारण साधे होते. मला ते त्यांच्या तोंडावर सांगता आले नसते.

चौथ्यात दोन सांधे ड्राय होते. पाचव्यात चिपेचा एक पाय सॉकेटच्या बाहेर वाकला होता. सहाव्यात तांब्याच्या दोन रेघांच्या मध्ये सोल्डरचा थेंब सांडलेला. प्रत्येक वेळी अण्णा परसात, मी आत दुरुस्ती करत, आणि वहीत ओके. ते परत येऊन वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरत आणि म्हणत, "बघ, हात अजून आहे."

मग एका शनिवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. अक्का हार गुंफायला बसल्या होत्या. सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेल्या दिवाळीपर्यंत हेच ओवून द्यायचे मला. आता त्यांना भोकच दिसत नाही. मोतीबिंदू असणार. डॉक्टरकडं चला म्हटलं की तुझी वही दाखवतात. सहातले सहा पास, म्हणतात, मग डोळ्याला काय झालंय?"

मी ग्लास विसळून पालथा घातला आणि बाहेर आले.

सातवा बोर्ड लोखंडी पेटीत बसवलेला होता. आत ट्रान्सफॉर्मर, भिंतीतल्या विजेची थेट जोडणी. शाळेत जायच्या आधीची ती शेवटची तपासणी. मी बटण दाबले आणि दुसरा हात पेटीवर टेकवला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात मागे ओढला तेव्हा स्टूल पडले.

"काय झालं?" परसातून अण्णांचा आवाज आला.

पहिल्यांदाच त्यांनी विचारले होते आणि मला नुसते उत्तर द्यायचे होते. "स्टूल पडलं," मी म्हणाले.

पेटी उघडली. अर्थची वायर, जी पेटीत उतरलेली वीज जमिनीत नेते, ती तिच्या जागेवरून सुटून बाजूला लोंबत होती. मी ती घट्ट बसवली, दोनदा ओढून बघितली, मीटर लावला. मग त्याही रकान्यात ओके लिहिले.

चार दिवसांनी आम्ही बसने देवनहळ्ळीला निघालो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सातव्या बोर्डाची पेटी नमुना म्हणून पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, "लगेज खाली ठेवा, अज्जा."

"लगेज नव्हे. विद्यार्थी आहे. शाळेत घालायला चाललोय."

"मग अर्धं तिकीट काढा."

अण्णा खूश झाले. ते मला वाटेत दाखवत राहिले, इथे मास्तर आणि मी सायकलने यायचो, इथे द्राक्षांचे मळे होते, आता प्लॉट पाडतायत. मी मान हलवत होते. मनात मात्र मी बारा पेट्या बघत होते आणि त्यांच्या बटणाशी माझा हात नव्हता. पुढच्या महिन्यात कंपनी मला वर्षभरासाठी बाहेरच्या कामावर पाठवणार होती.

शाळेच्या ऑफिसात सरोजम्मांनी पेटी चालू केली. निळा चौकोन आला, मास्तरांचा धडा चढला. खिडकीच्या गजांना दहाबारा मुले लटकली होती. सरोजम्मांनी ड्रॉवरमधून पत्र काढले. बारा बोर्डांचे, टाइप केलेले, फक्त सही राहिलेली.

"अण्णा, एकच विचारते," त्या कन्नडात म्हणाल्या. "लहान मुलं आहेत. ओले हात लावतील, पेटीवर चढतील. भीती नाही ना?"

"मला विचारून उपयोग नाही, मी बांधलंय," अण्णा म्हणाले. "बटण हिनं दाबलंय. पण ही बोलायची नाही, हिची वही बघा." आणि त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. सात रकाने, सात ओके.

सरोजम्मांनी वही बघितली, माझ्याकडे बघून हसल्या आणि पेनाचे टोपण काढले.

"अण्णा," मी म्हणाले. माझे कन्नड तुटके होते, आणि जे सांगायचे ते मला मराठीखेरीज कुठल्याच भाषेत आले नसते. "सही नको. सात नंबरला अर्थ सुटलेला होता. मला शॉक बसला. मी तो जोडला आणि ओके लिहिलं."

सरोजम्मांना मराठी येत नव्हते. पेन हातात धरून त्या विचारत होत्या, काय म्हणते ही? अण्णांना काहीही सांगता आले असते. स्टूल पडले म्हणते, असेही.

त्यांनी पेटीचे बटण बंद केले, भिंतीतला प्लग काढला आणि कन्नडात म्हणाले, "माझ्या कामात दोष निघालाय, अम्मा. मोठा आहे. पत्र ठेवून द्या. तुम्ही हिच्या कंपनीचे कॉम्प्युटर घ्या आणि हिचा प्रोग्रॅम घ्या. चांगला आहे, मी तपासलाय."

सरोजम्मा काही बोलणार होत्या, पण अण्णांनी हात वर केला. खुर्ची ओढून घेतली. चष्मा कपाळावर चढवला, खिशातून पेन्सिल काढली आणि वही नाकापाशी नेऊन सातव्या ओकेवर काट मारली. त्यांचा कान लाल झाला होता.

"एकटा सातवाच काय?" त्यांनी विचारले.

मी नकाराची मान हलवली. त्यांना ती दिसली नाही.

"मानेनं नको. मला दिसत नाही ते," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून तसे मी पहिल्यांदाच ऐकले. "पहिल्यापासून सांग. नंबर, जागा, दोष. आणि स्वल्प मोठ्यानं, मी लिहून घेतोय."

मी उभी राहिले.

"एक नंबर ओके. दोन नंबर ओके," मी म्हणाले. "तीन नंबर. क्रिस्टल. डावा पाय ड्राय."